वेंकूबाईंच्या वर्तुळाखालची रेघ

१४ सप्टेंबर १९९६, तंजावर

या डायरीविषयी माझी गंभीर तक्रार आहे. ती कोणत्या कचेरीत नोंदवावी हे न कळल्यामुळे तिच्याच अंगावर लिहीत आहे. डायरी सीतारामरावांनी प्रेमाने दिली. खतांच्या दुकानाने गिऱ्हाइकांना वाटलेली, जानेवारीपासून कोरी. पण प्रत्येक पानाचा वरचा भाग तमिळमध्ये भातपिकाला वाहिलेला आहे. त्यांची मुलगी सायप्रिया म्हणाली, रोज एक कीड आणि तिच्यावरचा उपाय. त्याखाली राहुकाळ. त्याखाली एक सुविचार. उरलेल्या सात ओळींत एका एकावन्न वर्षांच्या माणसाने आपल्या शंका बसवायच्या. आज खोडकिडा आहे. त्याच्यापुढे माझ्या शंका किरकोळ आहेत हे मान्य, पण खोडकिड्यावर उपाय तरी छापलेला आहे.

पुढे कधी हे वाचलं तर समजावं म्हणून: मी पुण्याच्या दैनिकात चोवीस वर्षं वार्ताहर. त्याआधी पाठशाळेत आठ वर्षं संस्कृत घोकलं. दैनिकात संगणक आले, रंगीत पुरवणी आली, माझ्या हाताखाली कॉपी लिहिणारा मुलगा माझा संपादक झाला. तेव्हा मी अर्धपगारी रजा घेऊन मानववंशशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक डॉ. वसुमतीबाई माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत आणि मला ‘अहो’ म्हणूनच रागावतात. विषय: तंजावरच्या मराठी कुटुंबांतली नाती. मुक्काम: जुन्या बसस्टँडजवळचं लॉज. राहुकाळात खोली देत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी दीड तास जिन्यावर बसलो होतो.

१७ सप्टेंबर

सीतारामरावांचं घर मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूच्या कॉलनीत. स्लॅबचं, गच्चीवर टाकी, टाकीशेजारी केबलची तार. ते विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेत, पापनाशमला भाताची थोडी जमीन आहे. पत्नी विशालाक्षी. मुलगी सायप्रिया बी.कॉम.ला. आणि मागच्या खोलीत त्यांच्या काकू वेंकूबाई, वय पंच्याहत्तर.

आज कुळवृत्त काढायला सुरुवात केली. आमच्या शास्त्रात पुरुष म्हणजे त्रिकोण, स्त्री म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा, जन्म म्हणजे एक उभी रेघ. साडेतीनशे वर्षांचं घराणं भूमितीच्या वहीत बसतं. मोठा ड्रॉईंगचा कागद घेतला आहे. गुंडाळी काखेत घेऊन टाउन बसमध्ये चढलो की कंडक्टर मला सिनेमाचं पोस्टर लावणारा समजतो.

वेंकूबाईंचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं. जसं कानावर येतं तसं लिहितो. शुद्धाशुद्ध वसुमतीबाई पाहतील.

“अरे पुणेकर, ह्यात मी कुठं अहे?”

“हे वर्तुळ तुमचं. हा शेजारचा त्रिकोण कृष्णस्वामी, तुमचे यजमान. हे त्यांचे थोरले बंधू सूर्यनारायण, ह्या त्यांच्या पत्नी चंद्रमती, आणि त्यांच्याखाली सीतारामराव.”

त्यांनी बोट आपल्या वर्तुळावर ठेवलं आणि खाली सरकवलं. खाली कोरा कागद.

“इथं कोण?”

“कोणी नाही. तुम्हाला मूल नाही ना.”

“सरी, सरी,” म्हणाल्या, म्हणजे ‘बरं, बरं’, आणि कॉफीचं बघायला उठल्या. गुडघे दुखतात असं दिसलं. कॉफी यायला फार वेळ लागला.

२२ सप्टेंबर

विशालाक्षीबाईंनी सायप्रियाच्या हिंदीच्या परीक्षांची प्रशस्तिपत्रं दाखवली. इथल्या घरांतून मुलींना संध्याकाळी हिंदीच्या शिकवणीला धाडतात. उद्या नोकरी दिल्लीला लागली तर. दुसरी परीक्षा पास झाली आहे. “राव, तुमी तिच्याकडनं वाचून घ्या की जरा,” म्हणाल्या. मुलीने धडा वाचला. एका ससाण्याची गोष्ट होती, ती तिने रेल्वेच्या घोषणेच्या सुरात म्हटली. मी दोन चुका काढल्या आणि उदारपणे तीन सोडून दिल्या.

“मामा, मराठी आणि हिंदी अक्षरं सेम का?”

“सेम.”

“मग मी मराठी वाचू शकते! अम्मा, मला मराठी वाचता येतं!”

“बोलायला येऊ दे आधी,” वेंकूबाई आतून म्हणाल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

सूर्यनारायणरावांचं महालयाचं श्राद्ध. निरीक्षक म्हणून बसण्याची परवानगी मिळाली, अट एकच: मधे बोलायचं नाही. वार्ताहराला ही अट घालणं म्हणजे मांजराला दुधावर राखण बसवणं, पण पाळली. तर्पणात सीतारामराव एकेक नाव घेत होते आणि मी गुडघ्यावर कागद ठेवून तपासत होतो. पिता, आजा, पणजा. माता, आजी, पणजी. माझा तक्ता नावानिशी जुळला. पाठशाळेचे गुरुजी असते तर त्यांनी पाठीत धपाटा घातला असता. त्यांची शाबासकीही तशीच असे.

ब्राह्मण जेवून गेल्यावर वेंकूबाईंनी मला मागच्या पायरीवर बोलावलं.

“तुला संस्कृत येतं म्हणे. सांग बघू, नावं कुठल्या रांगेनं घेतात? अमा बायकांना कोण सांगतं.”

मी सांगितलं. अंमळ जास्तच सांगितलं. वडील धरून तीन, आई धरून तीन, मग आईच्या माहेरचे, मग पत्नी-पुत्र, मग चुलते.

“आणि चुलती?”

“चुलतीचं नाव वेगळं घेतलंच पाहिजे असं नाही. चुलत्याच्या नावापुढे ‘सपत्नीक’ म्हटलं की त्यात ती आली.”

“कितवी?”

मी बोटांवर मोजलं. “पंधरा-सोळा जणांनंतर.”

त्यांनी अंगणातल्या नळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तवर पाणी उरतं का रे पात्रात?”

मला हसू आवरेना. म्हातारीला विनोद चांगला आहे. हे वाक्य प्रबंधाच्या आरंभी घालायला हरकत नाही.

३ ऑक्टोबर

आजची नोंद सात ओळींत मावणार नाही. भाताला आज उपाशी राहू दे, त्याच्या जागेवरही लिहितो.

सीतारामराव पापनाशमला गेले होते, विशालाक्षीबाई साडीच्या दुकानात, मुलगी कॉलेजात. वेंकूबाई वाल सोलत होत्या. मी तक्ता पसरला होता. म्हणाल्या, “हा कागद पुण्यास जाणार का?”

“जाणार.”

“इथं कुणी वाचणार नाही?”

“नाही. पुण्यातही चार माणसं वाचतील, त्यांतली दोन झोपेत.”

“मग काशीस गेल्यासारखंच. लिही. लिही, पण सांगू नको.”

आणि सांगितलं. कृष्णस्वामी विषमज्वराने गेले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि कडेवर तीन महिन्यांचा मुलगा होता. चंद्रमतीबाईंना मूल नव्हतं. सासऱ्यांनी बाराव्या-तेराव्यानंतर दोघी सुनांना समोर बसवलं. “ज्याला दोन आया, तो कुणाचाच नाही,” म्हणाले. होम नाही, कागद नाही. मूल एका मांडीवरून उचललं आणि दुसऱ्या मांडीवर ठेवलं. मुलाला कधी कळू द्यायचं नाही. सतरा वर्षांपूर्वी चंद्रमतीबाई गेल्या, तेव्हा यांनी दिव्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा शब्द दिला.

“तुम्हाला वाईट वाटलं असेल,” मी म्हणालो. छापील प्रश्न. चोवीस वर्षांत हजारदा विचारला असेन.

“घरातच होता की. रोज दिसायचा. पाजायची मात्र चोरी झाली.” वालाच्या साली त्यांनी सुपात गोळा केल्या. “आता घाल ती रेघ.”

मी पेन्सिलने घातली. त्यांच्या वर्तुळापासून सीतारामरावांच्या त्रिकोणापर्यंत. त्या वाकून बघत होत्या.

“ही पुसंल की. शाईनं घाल.”

शाईने घातली. त्यांनी ती बोटाने चाचपली. ओली होती, बोटाला लागली. पदराला पुसताना म्हणाल्या, “पोदुम.” पुरे.

धर्मशास्त्राप्रमाणे एकुलता मुलगा दत्तक देताच येत नाही. भावाला द्यायचा तर तो दोघांचा पुत्र मानतात आणि दोघांचीही नावं घेतात. म्हणजे इथे शास्त्रच गुंडाळून ठेवलं होतं. असं उदाहरण आमच्या विभागात कोणाकडेच नाही. बसस्टँडपर्यंत चालत गेलो. मोठी बातमी हाती लागल्यावर तिसाव्या वर्षी चालायचो तसा.

९ ऑक्टोबर

एस.टी.डी. बूथमधून वसुमतीबाईंशी बोललो. काचेच्या पेटीत घाम आणि समोर लाल आकडे पळतायत, अशात मातृत्वावर चर्चा.

“अहो, हे एकाच व्यक्तीचं म्हणणं आहे. दुसरीकडून पडताळा काय?”

“म्हातारी खोटं कशाला बोलेल?”

“खोटं नाही हो. पण असं प्रकरणात घालता येणार नाही. कुटुंबातल्या कोणाची तरी प्रतिक्रिया हवी.”

“तिने सांगू नको म्हटलंय.”

“मग वापरू नका,” त्या शांतपणे म्हणाल्या. हे तरुण लोक किती सहज बोलतात. छापायची नाही अशी बातमी जवळ बाळगणं काय असतं हे त्यांना ठाऊक नाही.

११ ऑक्टोबर

सीतारामरावांकडे. नावांची अक्षरं एकदा घरच्यांनी तपासावीत म्हणून तक्ता नेला होता. नवरात्र परवा सुरू होतंय, घरात इथल्या रिवाजाप्रमाणे बाहुल्या मांडायच्या पायऱ्या लावण्याची गडबड. कागद दिवाणखान्यात राहिला. लॉजवर आल्यावर लक्षात आलं. परत जायचा कंटाळा केला. घरात देवनागरी कुणाला येत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

१३ ऑक्टोबर

फळं घेऊन बाहुल्या पाहायला गेलो. दार विशालाक्षीबाईंनी उघडलं. ‘या’ म्हणाल्या नाहीत. मागे पायऱ्या मांडलेल्या, बाहुल्या अर्ध्याच लावलेल्या.

“काल सायीनं वाचून दाखवलं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मीच म्हटलं, वाच की गे, परीक्षा पास झालीस, कुणाकुणाची नावं अहेत बघू. घरातले अस्के बसलेलो. हे होते, काकू होत्या. रेघेवर बोट फिरवून एकेक नाव वाचत खाली आली. मग ह्यांना म्हणाली, अप्पा, इथं चूक झाली, तुमच्यावर दोन रेघा अहेत, एक वेंकू आजीकडून येते.”

मी फळांची पिशवी पुढे केली.

“चूक अहे का राव?”

हो म्हणालो असतो तर? चोवीस वर्षांत शेकडो खुलासे लिहिले, ‘नजरचुकीने’ हा शब्द माझ्या बोटांत आहे. तो नेमका तोंडात आला नाही.

“काकू?” मी विचारलं.

“सकाळच्या पैल्या बसनं ओरत्तनाडूला गेल्या. भावाच्या नातवाकडं. ह्यांनी किती सांगितलं. कुणाशी एक शब्द नाही.” त्यांनी कागदाची गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. व्यवस्थित, रबर लावून. फळं मात्र परत दिली नाहीत, नवरात्रातली म्हणून.

१५ ऑक्टोबर

सीतारामराव लॉजवर आले. मी खुर्ची दिली, ते कॉटच्या कडेवर बसले. मी माफीची तयारी केली होती, तीन परिच्छेदांची.

“सार, मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“मुंजीपासून. नऊ वर्षांचा होतो. मातृभोजनाला अम्मा मांडीला मांडी लावून बसलेली, एका पानात. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी घास घेतला की तिचं तोंड हलायचं. मी चावलं की ती चावायची. तोंडात काही नव्हतं तिच्या, उपास होता तिला. मी मुद्दाम थांबलो. ती पण थांबली.” ते जरा हसले. “मुलाला काय, तेवढं पुरतं.”

“मग तुम्ही कधी—”

“कशाला? अम्माला दुखलं असतं. काकूला वाटायचं मला ठाऊक नाही. त्या जोरावर ती रोज माझ्यासमोर बसून ताक घालायची. मला ठाऊक अहे हे तिला ठाऊक नाही, म्हणून अमचं बरं चाललं होतं, सार. एकोणपन्नास वर्षं.”

खाली कंडक्टर कुंभकोणम, कुंभकोणम ओरडत होता.

“ती गेल्यावर मी तिचं नाव आईच्या जागी घेणारच होतो,” सीतारामराव म्हणाले. “कुणाला सांगायचं नव्हतं. पाणी मी सोडणार, नाव मी म्हणणार, ऐकायला कोण बसलंय? आता तिला वाटतं, तिनं अम्माचा शब्द मोडला आणि ते मला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. माझ्याकडं बघत नाही. काल गेलो तर पाहुण्यास मांडतात तसं पान मांडलं. दोन कुरवड्या जास्त.”

मी तीन परिच्छेदांपैकी पहिला सुरू केला. त्यांनी हात वर केला.

“तुमी वाईट मनुष्य नाही, सार. पण तुमी लिहिता.”

२७ ऑक्टोबर

ओरत्तनाडूला जाऊन आलो. बसमध्ये काय बोलायचं ते जुळवत होतो. तक्ता नेला नव्हता.

वेंकूबाई ओसरीवर होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची ओढली, आत कॉफी सांगितली. चेहऱ्यावर राग नव्हता. मग माझ्याशी बोलायला लागल्या. तमिळमध्ये.

मला तमिळ बसच्या पाट्यांपुरतंही येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. याच गोष्टीवरून माझी महिनाभर चेष्टा केली होती. मी मराठीत म्हणालो, काकू, माझी चूक झाली. त्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, पावसाचं असावं, आभाळाकडे हात केला. मी म्हणालो, मी सांगितलं नाही, कागद राहून गेला. त्या मान हलवत ऐकत होत्या आणि माझं संपल्यावर पुन्हा तमिळ. अर्धा तास. अगदी सभ्य, अगदी मायाळू आवाजात. परक्या माणसाशी बोलतात तसं, थोडं मोठ्याने.

निघताना त्यांनी जे म्हटलं ते मात्र कळलं. पोयिट्टु वांगो. जाऊन या. इथे हे सगळ्यांनाच म्हणतात, गॅसवाल्यालाही.

२ नोव्हेंबर

वसुमतीबाईंचं पत्र. मी सगळी हकीकत कळवली होती, मुंजीसकट. त्यांना प्रकरण अतिशय मोलाचं वाटतं. म्हणतात, आता पडताळा झाला, मुलाकडूनच झाला. नावं बदलून घालता येईल, पण आधी त्या दोघांची लेखी संमती घ्या. पुढच्या वर्षी परिषदेत वाचता येईल. शेवटी एक ओळ: ‘तो तक्ता त्यांच्या घरी राहिला कसा, ते पद्धतीच्या भागात प्रामाणिकपणे लिहा. अशा चुकांतूनही शिकायला मिळतं.’

संमती कोणत्या भाषेत मागू?

९ नोव्हेंबर

उद्या दिवाळी. इथे पहाटे तेल लावून नहाण असतं. सीतारामरावांकडून यंदा बोलावणं नाही, पण काल सायप्रिया लॉजच्या काउंटरवर डबा ठेवून गेली. वर चिठ्ठी, देवनागरीत, तिच्या हिंदीच्या अक्षरात: ‘मामा, माझी चूक झाली का?’ मुलगी आठवड्यातून दोनदा ओरत्तनाडूला जाते म्हणे, आजी तिच्याशीही तमिळच बोलते. आजी मराठीत बोलली काय नि तमिळमध्ये काय, आपल्याला फरक पडत नाही असं तिला वाटायचं, आता पडतो.

चिठ्ठीला उत्तर लिहिलं, तुझी काहीच चूक नाही. ते खरं आहे, म्हणून लिहायला सोपं गेलं.

मग पद्धतीचा भाग लिहायला बसलो. ‘कागद अनवधानाने राहिला.’ हे वाक्य चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी ही डायरी मागे चाळली. २२ सप्टेंबर: मुलीला वाचता येतं. माझ्याच अक्षरात, तिच्या चुका मोजल्याच्या प्रौढीसकट. ११ ऑक्टोबर: घरात देवनागरी कुणाला येत नाही. तेही माझ्याच अक्षरात. मधे एकोणीस दिवस. माझी स्मरणशक्ती इतकी वाईट नाही. अजून अर्धा अमरकोश पाठ आहे.

प्रबंध होईल की नाही याची मला काळजी नाही. पुण्याला परत गेल्यावर तो संपादक झालेला मुलगा मला कोणत्या टेबलावर बसवेल याचीही नाही. सीतारामराव शनिवारी जातात, पान मांडलं जातं, आणि वेंकूबाई पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या तशाच गेल्या तर माझ्यामुळे गेल्या, याची आहे. आणि त्याहून जास्त याची की कागद मी विसरलो नव्हतो. काय होतं ते मला पाहायचं होतं. ओरत्तनाडूच्या ओसरीवर मी ‘राहून गेला’ म्हणालो तेव्हा वेंकूबाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून त्यांना ते माझ्याआधीच कळलं असावं.